तुरोव: प्रिप्यातच्या पुरात पायी जाणाऱ्यांसाठी

बेलारूसच्या दक्षिणेकडील तुरोव या छोट्या नदीकाठच्या नगराविषयी निघण्यापूर्वी जे काही वाचले, त्यात दोन गोष्टी हमखास होत्या. हे देशातील सर्वांत जुन्या नगरांपैकी एक आहे, आणि गावालगतचे पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेले कुरण सहज चालत जाण्याजोगे आहे. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी एप्रिलमध्ये धादांत खोटी ठरते, आणि हा वृत्तांत मुख्यतः तिच्याचसाठी लिहीत आहे. वाचणाऱ्याला पाठीवर सामान घेऊन दिवसभर चालण्याची सवय आहे, असे मी गृहीत धरतो.

तुरोवला रेल्वे नाही. ब्रेस्त ते गोमेल या लोहमार्गावरील झित्कोविची स्थानकावर उतरून दक्षिणेकडे सुमारे ३० किलोमीटर जावे लागते आणि वाटेत पुलावरून प्रिप्यात ओलांडावी लागते. हा लोहमार्ग १८८०च्या दशकात नदीच्या उत्तरेकडील कोरड्या जमिनीवरून टाकला गेला आणि पूरक्षेत्रातले तुरोव बाजूला पडले. एके काळी ज्या नदीने या गावाला कीव्हशी जोडले, तिनेच पुढे त्याला रेल्वेपासून तोडले. आजही त्याची किंमत प्रवाशाला मोजावी लागते. स्थानकाबाहेर उभ्या असलेल्या एका गाडीवाल्याने शेवटची बस निघून गेल्याचे ठामपणे सांगितले आणि बसभाड्याच्या कित्येक पट रक्कम मागितली; बस प्रत्यक्षात त्यानंतर सुटायची होती. म्हणून स्थानकातून बाहेर पडताच कोणाशीही बोलण्याआधी बसस्थानकाच्या तिकीट खिडकीवर वेळ विचारावी, आणि गाडी करायचीच झाल्यास आकडा कागदावर लिहून घेऊन मगच सामान आत ठेवावे. पैसे मिन्स्कमध्येच बेलारूसी रूबलमध्ये बदलून रोख जवळ ठेवावेत.

आता त्या कुरणाविषयी. प्रिप्यात युक्रेनच्या वोलिनमध्ये उगम पावते, बेलारूसच्या पोलेस्ये या सखल प्रदेशातून पूर्वेकडे वाहते आणि पुन्हा युक्रेनमध्ये जाऊन द्नीपरला मिळते. तिचा उतार किलोमीटरमागे दहा सेंटिमीटरहूनही कमी आहे, त्यामुळे वसंतात बर्फ वितळले की पाणी वेगाने पुढे न जाता दोन्ही बाजूंना कित्येक किलोमीटर पसरते आणि आठवडेच्या आठवडे तसेच उभे राहते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झिलिन्स्की या रशियन अधिकाऱ्याच्या मोहिमेने आणि पुढे सोव्हिएत काळात कालवे खणून पोलेस्येचा मोठा भाग कोरडा करण्यात आला, परंतु तुरोवजवळचे पूरक्षेत्र अजून पाण्याखाली जाते आणि म्हणूनच तिथे पक्षी उतरतात. ज्या घरी उतरलो होतो तिथे मला ‘सपाट, वीस मिनिटांची वाट’ असे सांगण्यात आले. सपाट ती आहेच, आणि नेमकी अडचण तीच आहे. भाताच्या खाचरासारखे पाणी सगळीकडे एकाच पातळीवर चमकत असते आणि घोट्याएवढे पाणी कुठे संपते व मांडीएवढे कुठे सुरू होते, हे वरून कळत नाही. गुरांच्या खुरांनी पडलेले खड्डे गाळाने भरलेले असतात, गवताचे झुबके पाय टेकताच एका अंगाला कलतात, आणि जुने चर पाण्याखाली पूर्णपणे लपलेले असतात. काठी प्रत्येक पावलाआधी टेकवावी लागते. अशाच एका चरात गमबूट वरून भरले. ते पाणी काही तासांपूर्वीपर्यंत बर्फ असावे इतके थंड होते. या टप्प्यात सकाळचा बहुतेक वेळ गेला आणि अंगातली सारी शक्तीही गेली. माझा निर्णय स्पष्ट आहे: एप्रिलमध्ये या वाटेने एकट्याने पायी जाऊ नये. स्थानिक माणसाची होडी ठरवावी, किंवा काठाच्या उंचवट्यावर उभे राहून दुर्बिणीतून पाहावे. पक्ष्यांच्या विणीच्या काळात कुरणात शिरणे तसेही गैर आहे.

आणि तरीही जावे, असे मी तितक्याच आग्रहाने सांगतो. पाण्याबाहेर उरलेल्या एका अरुंद उंचवट्यावर रफ पक्ष्यांचे नर गळ्याभोवतीची पिसांची झालर फुगवून एकमेकांवर झेप घेत होते. हाच पक्षी हिवाळ्यात आपल्याकडे उजनीच्या जलाशयावर दिसतो, पण तेव्हा त्याला ही झालर नसते, त्यामुळे भिगवणला त्याला अनेकदा पाहिलेल्या माणसालाही तो इथे अनोळखी वाटतो. वर वळलेल्या चोचीचा आणि नारिंगी पायांचा टेरेक तुतारी हा पाणपक्षी इथे वीण करतो. त्याचे स्मारकही गावात उभारलेले आहे.

इतिहासासाठी येणाऱ्यांनी मात्र भव्य अवशेषांची अपेक्षा ठेवू नये. तुरोवचा पहिला उल्लेख इतिवृत्तात ९८० सालच्या नोंदीत येतो. स्त्रुमेन आणि याज्दा या लहान प्रवाहांच्या संगमावरील उंचवटा म्हणजे जुना गढीचा टेकडा. तिथे १२व्या शतकातील दगडविटांच्या चर्चचा पाया उत्खननात सापडला, आणि १२३०च्या भूकंपात ते कोसळले असावे असे मानले जाते. या पायाच्या अवशेषांवर छप्पर उभारले आहे. आतल्या पातळ, चपट्या विटा जवळून पाहाव्यात. इथला बिशप किरील त्याच्या प्रवचनांमुळे १२व्या शतकातला मोठा लेखक ठरला. ११व्या शतकातील तुरोव शुभवर्तमानाची दहा पाने १८६५मध्ये इथे सापडली, परंतु ती आता लिथुआनियाच्या राजधानीत, विल्नियसला आहेत, हे आधीच लक्षात ठेवावे. बोरिसोग्लेब्स्क दफनभूमीतला जमिनीतून वर येणारा दगडी क्रूस पाहायला भाविक दुरून येतात. त्यांची श्रद्धा त्यांच्यापाशी. ओली जमीन गोठून फुगते आणि आतला दगड वर ढकलते, हे या भूमीला शोभणारे स्पष्टीकरण मला अधिक पटते. १८१०चे लाकडी सर्वसंत चर्च आवर्जून पाहावे.

एका गोष्टीकडे माहितीपत्रके जवळजवळ दुर्लक्ष करतात, याचा मला राग आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तुरोवमधील निम्म्याच्या आसपास लोक ज्यू होते. १९४१च्या जुलै-ऑगस्टमध्ये नाझी जर्मनीच्या एसएस या निमलष्करी दलाच्या घोडदळाने प्रिप्यातच्या दलदलीच्या प्रदेशात ज्यूंची सरसकट कत्तल केली. जुन्या रस्त्यांवरून चालताना हे माहीत असलेच पाहिजे.

चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेनंतर ओस पडलेल्या शहराचे नावही प्रिप्यातच, त्यामुळे नदीच्या नावाने अनेकांना चेर्नोबिलची धास्ती वाटते. ते ठिकाण इथून बरेच दूर, नदीच्या खालच्या अंगाला आहे आणि बेलारूसमधील बंदिस्त किरणोत्सर्गी राखीव क्षेत्र ब्रागिन, खोइनिकी व नारोव्ल्या या जिल्ह्यांत आहे. तरीही पोलेस्येत रस्त्याकडेला विकली जाणारी रानातली अळंबी आणि बेरी घेऊ नयेत. दक्षिणेला युक्रेनची सीमा असल्यामुळे सीमेलगतच्या पट्ट्याचे नियम स्थानिक कार्यालयात विचारून घ्यावेत. मार्च-एप्रिलपासूनच गोचिडी सुरू होतात, त्यांच्यापासून मेंदूज्वर होऊ शकतो, म्हणून पायजमा मोज्यांत खोचूनच गवतात शिरावे. केवळ इतिहास पाहायचा असेल तर सप्टेंबर उत्तम. पक्ष्यांसाठी एप्रिलचा उत्तरार्ध, मांडीपर्यंतचे रबरी बूट घेऊनच. झित्कोविचीहून बेत आखणाऱ्या, मिन्स्क किंवा गोमेलला शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी परतीच्या बसची वेळ तुरोवला पोहोचताक्षणीच लिहून घ्यावी, कारण संध्याकाळी पुन्हा त्याच गाडीवाल्यांशी गाठ पडते.