दोन प्रकारचे पीएसआय

वाळूचा नाद लागलेल्या मुंबईकर गाडीवाल्याला दोन पीएसआय भेटू शकतात. एक टायरमधल्या हवेच्या दाबाचा, दुसरा खाकीतला. पहिल्याची ओळख करून न घेता जो ओहोटी बघून सरळ पुळणीवर गाडी घालतो, त्याला दुसरा भेटतो. किनाऱ्यावर गाडी नेल्याबद्दल कोकणात गुन्हे दाखल होतात आणि ते योग्यच आहे. वेळास-आंजर्ल्याच्या वाळूत हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात, अंडी जेमतेम हात-दीड हात खोल. पावणेदोन टनांची गाडी वरून गेली की त्या घरट्याचं काय होतं, हे सांगायला नको.

कायदा बाजूला ठेवला तरी समुद्र वेळ देत नाही. ओहोटीपासून भरतीपर्यंत सव्वासहा तास, त्यातही मधल्या दोन-तीन तासांत पाणी सर्वांत वेगानं चढतं. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या किनाऱ्याला पाण्याच्या पातळीत चार मीटरच्या वर फरक पडतो. लाट चाकाभोवती फिरली की चाकाखालची वाळू उपसून नेते आणि गाडी आपोआप खाली बसत जाते. ट्रॅक्टर येईपर्यंत कार्पेट भिजलेलं असतं.

म्हणून वाळूत गाडी चालवायचा सराव खासगी जागेतच, मालकाच्या लेखी परवानगीनं. कर्जत-शहापूरच्या अंगाला शेतजमीन असलेला एखादा ओळखीचा निघतोच, किंवा तयार ऑफ-रोड ट्रॅक भाड्यानं घ्यायचा. नदीपात्र नको. वर धरणातून पाणी सोडलं तर तुम्हाला फोन करून कोणी सांगत नाही. वाळूचा पट्टा निदान ५० मीटर लांब, दोन गाड्यांएवढा रुंद आणि दीड फूट खोल हवा. यापेक्षा उथळ असेल तर चाक खालच्या मुरमाला टेकतं आणि शिकणाऱ्याला वाटतं, जमलं.

वाळू कुठली, हेही विचारा. बांधकामाची क्रश सँड असेल तर तिचे कण टोकदार असतात, एकमेकांत अडकतात आणि गाडी बऱ्यापैकी पेलतात. नदीची रेती तिच्याहून मऊ. जैसलमेरच्या बाजूला वाऱ्यानं घासून गोल झालेली बारीक वाळू असते, ती तिसरीच चीज. क्रश सँडवर पास झालेल्या माणसानं थेट जैसलमेरजवळच्या सम गावची टेकाडं गाठली तर पहिल्या टेकाडावरच गाडी बसते. सराव रेतीवर करा, आणि तीही सकाळी दवानं ओली असेल तेव्हा नाही. दहानंतर वरचा थर कोरडा पडतो, खरी परीक्षा तेव्हा सुरू होते.

सहा गाड्या, दोन जाणकार. याहून मोठा घोळका नेला की निम्मा दिवस रांगेत जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे, पहाटे पाचला मुंबई सोडायची. माणशी चार लिटर पाणी, बंद बूट, हातमोजे, लांब दांड्याचं फावडं (घडीचं नको, ते दोन तासांत मोडतं), एक फूट बाय एक फूट जाड प्लायवुडचा तुकडा जॅकखाली ठेवायला. वॉकीटॉकी परवान्याशिवाय चालणाऱ्या फ्रिक्वेन्सीचेच घ्या.

आता हवा. हायवेनं दीड-दोन तास पळून आलेल्या टायरमध्ये सकाळी भरलेले ३२ पीएसआय गरम होऊन ३५-३६ झालेले असतात. तिथेच १६ ला आणून ठेवले तर टायर थंड झाल्यावर ते १४ च्या आसपास येतात, आणि मग ‘मी तर १६ ठेवले होते’ ही तक्रार सुरू होते. अर्धा तास चहा प्या, मग मोजा. थार, गुरखा यांसारख्या वजनदार गाड्यांना १६ ते १८, जिम्नी आणि जिप्सीला १३-१४. दहाच्या खाली गेलात तर वळताना टायर रिमवरून निसटू शकतो. गेजवर भरवसा नसेल तर टेप घ्या. पूर्ण हवेला रिमच्या कडेपासून जमिनीपर्यंत किती अंतर आहे ते लिहून ठेवा, आणि त्याचं तीन चतुर्थांश उरेपर्यंत हवा सोडा. १२ सेंटीमीटर असेल तर ९. टायर पंक्चर झाल्यासारखा दिसायला लागतो. दिसू दे.

हवा सोडल्यावर टायर पसरतो, असं सगळे म्हणतात. खडूनं खूण करून बघा, रुंदीत फारसा फरक पडत नाही. जमिनीला टेकलेला भाग लांब होतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा. वजन तेवढंच, पण जास्त जागेवर वाटलं गेल्यामुळे चाक खड्डा करत नाही. हौसेनं घातलेले जाड गोट्यांचे मड टायर याच कारणानं वाळूत साध्या टायरपेक्षा वाईट वागतात. फिरले की फावड्यासारखे खणतात. टायरमध्ये नायट्रोजन भरलाय म्हणून सोडायला जिवावर येणारे लोक दर वेळी एक-दोन असतातच. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, सोडा बिनधास्त. डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा लागेल, तोही लागू दे. फक्त एवढ्या हवेवर ताशी चाळीसच्या वर जायचं नाही आणि स्टीअरिंग झटक्यात फिरवायचं नाही.

गाडी फोर-एचमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद आणि गिअर नेहमीच्या वेगाचे. वेग धरून ठेवायचा असतो, आणि फोर-एलमध्ये (चारही चाकं, पण हळू चालणारे, जोरकस लो गिअर) सारखे गिअर बदलावे लागतात. बदलताना क्लच दाबला की तेवढ्यात वाळू गाडी थांबवते. फोर-एल ठेवा रुतल्यावर हळू बाहेर पडायला आणि फार मऊ चढाला. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा, नाहीतर चाक जरा घसरलं की इंजिनाची ताकद तोच कापतो, नेमका गरजेच्या क्षणी. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये दुसरा गिअर धरून ठेवा. ज्या एसयूव्हींना लो गिअर नाही, नुसतं ऑल-व्हील-ड्राइव्हचं बटण आहे, त्यांचं मागच्या चाकांकडे जाणारं कपलिंग वाळूत पंधरा-वीस मिनिटांत तापू शकतं आणि गाडी गुपचूप पुढच्या दोन चाकांवर येते. त्यांनी येऊ नये असं नाही, पण मध्ये मध्ये थांबावं.

मुंबईत चालवणाऱ्याला दोन सवयी लागलेल्या असतात, हाफ क्लच आणि ब्रेक. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर संध्याकाळी सातला त्याशिवाय इलाज नसतो. वाळूत दोन्ही घातक. हाफ क्लचवर रेटली की दहा मिनिटांत जळका वास येतो. ब्रेक मारला की चारही चाकांपुढे वाळूची पाचर जमते, आणि पुन्हा निघताना गाडीला आधी ती पाचर चढावी लागते. म्हणून पहिला धडा निघायचा नाही, थांबायचा. पाय अॅक्सिलरेटरवरून काढायचा आणि वाळूला गाडी थांबवू द्यायची. जमलंच तर नाक उताराकडे ठेवून. पुन्हा निघताना आधी फूटभर मागे घ्यायची, म्हणजे दाबलेल्या चाकोरीतून पुढे यायला जरा धाव मिळते.

दुसरा धडा दिवसभरातला सगळ्यात महत्त्वाचा, त्यावर तासभर घाला. गाडी पुढे सरकायची थांबली, चाकं मात्र फिरताहेत, या क्षणाला माणसाचा पाय आपोआप खाली जातो. वाटतं, अजून थोडा रेटा दिला तर निघेल. निघत नाही. चाकाचा प्रत्येक फेरा इंच-दोन इंच खणतो, आणि दोन-तीन सेकंदांत गाडीच्या पोटाखालचा गिअरचा गोळा, म्हणजे डिफरन्शिअल, वाळूवर टेकतो. मग चाकांवर वजनच उरत नाही. बाहेर उभा असलेला जाणकार वॉकीटॉकीवर ओरडत असतो, ‘दादा, पाय काढा. पाय काढा!’ गाडी थांबल्यावर एका सेकंदात पाय वर आला तर नव्वद टक्के काम झालं. आलेल्या चाकोरीतून सरळ मागे या आणि थोड्या जास्त वेगानं पुन्हा जा. पायाला ही सवय लागेपर्यंत पुढचा धडा घेऊ नका. थकलेला ड्रायव्हर दुपारी पुन्हा तीच चूक करतो, तेव्हाही घ्या.

स्टीअरिंग धरताना अंगठे रिंगच्या बाहेर. चाक खड्ड्यात अडकून झटका बसला तर आतला अंगठा मुरगळतो. वळण मोठं घ्यायचं, कारण वळलेली पुढची चाकं नांगरासारखी वाळू ढकलतात. वेग मेला की आधी चाकं सरळ करा, मग पाय द्या.

दुपारी गाडी मुद्दाम रुतवायची. हा भाग लोकांना आवडत नाही, घाम निघतो. दोर काढायची घाई करू नका. आधी खाली वाका आणि बघा कुठे टेकलीय, डिफरन्शिअल, चेसिसचा मधला आडवा दांडा (क्रॉस मेंबर) की पायरी. शोसाठी बसवलेल्या साइड स्टेपमागे वाळूचा ढीग अडकून बसतो, हे तिथे कळतं. टेकलेला भाग मोकळा करा, मग चारही चाकांसमोर उतरती वाट काढा, चाकाच्या तळापासून सुरू होणारी, दोन-तीन फूट लांब. खणलेली माती चाकाच्या वाटेत टाकू नका, लोक हमखास टाकतात. हवा आणखी तीन-चार पीएसआय कमी करा (दहाच्या खाली मात्र नाही), फोर-एल, चाकं सरळ, हलका पाय. बहुतेक गाड्या इथेच निघतात. नाही निघाली तर सँड ट्रॅक, म्हणजे चाकाखाली घालायची दातेरी प्लास्टिकची फळी, चाकाला चिकटवून, टोक थोडं चाकाखाली सरकवून ठेवा. ट्रॅकवर चाक फिरवलं तर प्लास्टिकचे दाते वितळतात, आणि ट्रॅक मागे उडतो. मागे कोणी उभं राहायचं नाही.

दोर वापरायची वेळ आलीच तर सीएसटी रोडवर मिळणारा हुकवाला पिवळा टो-रोप गाडीतच राहू द्या. तो सपाट रस्त्यावर बंद गाडी ओढायला असतो. वाळूत लागतो ताणणारा नायलॉनचा कायनेटिक दोर, नऊ मीटरच्या आसपास, आणि तो गाडीला अडकवायला ४.७५ टनाचे बो शॅकल (पिनवाली लोखंडी कडी) किंवा सॉफ्ट शॅकल (दोराचीच कडी). शॅकलची पिन पूर्ण आवळून पाव आटा सैल करायची, नाहीतर ताणानंतर ती हातानं सुटत नाही. दोर फक्त चेसिसला बोल्ट केलेल्या रिकव्हरी पॉइंटला. बंपरचं झाकण काढून आट्यानं बसवायची जी कडी गाडीबरोबर येते, ती झटक्यासाठी नसते. ट्रेलर जोडायच्या मागच्या टो-बॉलला तर कधीच लावू नका. तो तुटला की लोखंडी गोळा काचेतून आत येतो, जगभर माणसं यात मेली आहेत. दोन दोर जोडायला मध्ये शॅकल घालायचा नाही, तेच कारण. दोरावर ओलं ब्लँकेट किंवा वाळू भरलेली पिशवी टाका. दोराच्या दीडपट अंतरात, म्हणजे चौदा मीटरच्या आत, ड्रायव्हर सोडून माणूस नको. मोबाइलवर व्हिडिओ काढणारा सगळ्यात आधी लांब. ओढणाऱ्यानं मीटर-दीड मीटर ढील ठेवून फोर-एलमध्ये दुसऱ्या गिअरवर सावकाश निघायचं, झटका दोराचा ताण देतो, गाडीचा वेग नव्हे. रुतलेल्यानंही त्याच वेळी हलका पाय द्यायचा.

जागेत वाळूचा उंच ढीग असेल तर चढ-उताराचा एक धडा होतो. सरळ चढायचं, तिरकं कधीच नाही. माथ्याच्या जरा आधी पाय सैल करायचा, कारण पलीकडे काय आहे ते दिसत नसतं. चढ अर्धवट राहिला तर तिथे वळायचा मोह टाळा. आडवी झालेली गाडी खालच्या बाजूला लोळते. रिव्हर्स टाका, क्लच सोडा, आरसे बघत आलात तसे सरळ मागे या. न्यूट्रलमध्ये नाही. कोरडी वाळू साधारण ३३-३४ अंशांपर्यंतच उभी राहते, टेकाडाची वाऱ्यामागची बाजू बरोबर तेवढी तीव्र असते. उतरताना मागची बाजू सरकायला लागली तर ब्रेक नको, थोडा अॅक्सिलरेटर द्या, गाडी सरळ होते. एका वेळी एकच गाडी चढावर. उंच काठीवर झेंडा लावायची पद्धत पलीकडच्याला दिसावं म्हणून आहे, फोटोसाठी नाही.

इंजिनचा काटा बघत राहा. वर जायला लागला तर एसी बंद करून नाक वाऱ्याकडे ठेवा आणि इंजिन चालूच राहू द्या. बीएस-६ डिझेल गाडी सुक्या गवतावर उभी करू नका. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, साठलेली काजळी जाळत असेल तेव्हा सायलेन्सर इतका तापतो की गवत पेटतं.

संध्याकाळचं गणित सगळे विसरतात. सहा गाड्या म्हणजे चोवीस टायर. १६ वरून ३२ ला न्यायला बऱ्या कंप्रेसरला टायरमागे पाच मिनिटं धरली तर एकाच कंप्रेसरवर दोन तास, शिवाय तो तापून मध्ये बंद पडतो. दोन गाड्यांमागे एक हवाच. वायर बॅटरीला लावा, लायटरच्या सॉकेटला लावली तर फ्यूज जातो. इंजिन चालू ठेवा. व्हॉल्वच्या टोप्या एका डब्यात ठेवा, वाळूत पडलेली टोपी सापडत नाही. डांबरावर चढायच्या आधी गाडी टू-एचमध्ये (दोनच चाकांना ताकद) आणली का, तेही बघा. कोरड्या रस्त्यावर फोर-एच ठेवली तर वळताना पुढचे-मागचे ड्राइव्हशाफ्ट एकमेकांशी भांडतात, स्टीअरिंग जड होतं.

दुसऱ्या दिवशी खालून पाण्याचा फवारा मारून घ्या. डिस्क आणि मागच्या पत्र्यामध्ये खडा अडकला तर कर्कश आवाज येतो, ब्रेक गेले असं समजून लोक पॅड बदलून येतात. एअर फिल्टर काढून झटका. आणि ऐंशीच्या वेगाला स्टीअरिंग थरथरायला लागलं तर व्हील बॅलन्सिंगचे पैसे देण्याआधी रिमच्या आतल्या बाजूला हात घाला. मूठभर ओली वाळू तिथे वाळून चिकटलेली असते.