तुम्ही विचारलेत म्हणून : जावई अजून सहायकच कसे?

पुण्याला आले की लग्नकार्यात मला हा प्रश्न हमखास विचारला जातो. माझे जावई अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे सहायक प्रशिक्षक आहेत असे सांगितले की समोरची बाई क्षणभर थांबते आणि मग आवाज जरा खाली आणून विचारते, "चौदा वर्षे झाली ना त्यांना? मग अजून सहायकच कसे?" आपल्याकडे सहायक म्हटले की बढतीच्या यादीत नाव अडकलेला माणूसच डोळ्यांसमोर येतो, त्यामुळे विचारणारीला मी दोष देत नाही, लेकीला मीही सुरुवातीला हेच विचारले होते.

हा फुटबॉल म्हणजे आपल्या ओळखीचा, पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. यात लांबट चेंडू हातात धरून पळायचे किंवा पुढे फेकायचा असतो, चढाई करणारे अकरा आणि बचाव करणारे अकरा हे निरनिराळे असतात, आणि एकूण संघ शंभराच्या आसपास भरतो. एवढ्यांना एकटा मुख्य प्रशिक्षक काय शिकवणार? म्हणून मोठ्या विद्यापीठांना पूर्वी नऊ आणि २०१८ पासून दहा सहायक ठेवण्याची परवानगी होती. २०२४ मध्ये नियम आणखी सैल झाले. यांतले दोघे चढाईचे आणि बचावाचे कोऑर्डिनेटर, म्हणजे त्या त्या बाजूचे प्रमुख, आणि बाकीचे बहुतेक एकेका जागेच्या खेळाडूंचे गुरुजी.

जावयांकडे ऑफेन्सिव्ह लाइन आहे, म्हणजे चेंडूला बहुधा हातही न लावता समोरच्यांना थोपवून धरणारे पाच धिप्पाड मुलगे. शनिवारी सामना झाला की रविवारी सकाळपासून ते त्याचे चित्रीकरण लावून बसतात आणि प्रत्येक खेळीत त्या पाचांपैकी प्रत्येकाचे पहिले पाऊल कुठे पडले ते पाहून गुण देतात. मी एकदा शेजारी बसले होते. एकच चार सेकंदांची खेळी त्यांनी अकरा वेळा मागेपुढे केली आणि मला मात्र शेवटपर्यंत नुसता ढीग दिसला. हंगाम संपला की शाळकरी खेळाडूंना आपल्याकडे वळवण्यासाठी गावोगाव फिरणे सुरू होते. कोणाच्या तरी स्वयंपाकघरात बसून सतरा वर्षांच्या मुलाच्या आईची खात्री पटवावी लागते, आणि माझी लेक म्हणते की परक्या आयांचे वाढदिवस याला पाठ असतात, माझा मात्र फोनने आठवण करून द्यावा लागतो.

या पेशात शिरण्याचा नेहमीचा रस्ता म्हणजे ग्रॅज्युएट असिस्टंट होणे : पुढचे शिक्षण घ्यायचे आणि तुटपुंज्या विद्यावेतनावर पडेल ते काम करायचे. पुढे मोठे नाव कमावलेले प्रशिक्षक निक सेबन १९७३ मध्ये केंट स्टेट विद्यापीठात असेच लागले, तेही पत्नीचे शिक्षण एक वर्ष उरले होते म्हणून. त्यानंतर सिराक्यूज, वेस्ट व्हर्जिनिया, ओहायो स्टेट, नेव्ही (म्हणजे नौदल अकादमीचा संघ), मिशिगन स्टेट आणि ह्यूस्टनचा व्यावसायिक संघ एवढे फिरून १९९० मध्ये ते टोलेडोला प्रथम मुख्य प्रशिक्षक झाले. सात राष्ट्रीय विजेतेपदे मिळवणाऱ्या माणसाचीही सतरा वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली गेली, हे सांगितले की पुण्यातल्या बायका जरा गप्प होतात.

मात्र वर्षांपेक्षा अवघड गोष्ट निराळीच आहे. सहायकाची नेमणूक विद्यापीठात असली तरी त्याचे नशीब मुख्य प्रशिक्षकाशी बांधलेले असते. तो गेला की नवा येणारा आपली माणसे घेऊन येतो आणि जुन्यांना बहुतेक वेळा निघावे लागते, मग त्यांचे पाच जण कितीही चांगले खेळलेले असोत. आमच्याकडे हे दोनदा घडले. दुसऱ्या वेळी नव्या घराचे पडदे लावून आठवडाही झाला नव्हता; नोव्हेंबरअखेरच्या रविवारी दुपारी बातमी आली आणि जानेवारीत नात तिसऱ्या शाळेत गेली. उलट, मुख्य प्रशिक्षकाला मोठी जागा मिळाली की विश्वासातले सहायक त्याच्या मागोमाग जातात. २००९ मध्ये टेनेसी विद्यापीठात लेन किफिन मुख्य प्रशिक्षक होते आणि त्यांचे वडील माँटी बचावाचे कोऑर्डिनेटर, वर्षाला दहा लाख डॉलरहून अधिक पगारावर. पुढच्याच वर्षी मुलगा सदर्न कॅलिफोर्नियाला गेला आणि वडीलही तिकडे गेले.

पगाराचा आकडा ऐकून कोणी भाच्याला या धंद्यात घालायचे मनात आणील, म्हणून सांगते, हे शिखरावरचे झाले. पुढे नावाजलेले मुख्य प्रशिक्षक झालेले माइक लीच १९८७ मध्ये वकिलीची पदवी हातात असताना कॅल पॉली विद्यापीठात तीन हजार डॉलरवर सहायक झाले होते, आणि लहान कॉलेजांत आजही ओढाताणच असते. आमचे जावई मधल्या पायरीवर आहेत, हप्ते वेळेवर जातात.

आणि सहायकच राहणे म्हणजे मागे पडणेही नव्हे. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे बड फॉस्टर १९८७ पासून २०१९ पर्यंत तिथेच राहिले, त्यांतली पंचवीस वर्षे बचावाचा कारभार त्यांच्या हाती होता, आणि मुख्य प्रशिक्षक ते कधीच झाले नाहीत. उत्कृष्ट सहायकासाठी १९९६ पासून दिला जाणारा ब्रॉयल्स पुरस्कार त्यांना २००६ मध्ये मिळाला. ब्रेंट व्हेनेबल्स क्लेमसन विद्यापीठात दहा हंगाम बचावाचे कोऑर्डिनेटर होते आणि अखेरीस वर्षाला पंचवीस लाख डॉलर घेत होते. अनेक मुख्य प्रशिक्षकांनाही तेवढे मिळत नसे.

गेल्या वर्षी जावयांना एका लहान कॉलेजाने मुख्य प्रशिक्षकपद देऊ केले होते. त्यांनी ते घेतले नाही. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले की मुख्य प्रशिक्षकाचा दिवस देणगीदारांबरोबर जेवण्यात आणि पत्रकारांना उत्तरे देण्यात जातो, आणि त्या पाच मुलांना पहिले पाऊल कसे टाकायचे ते मग दुसराच कोणीतरी शिकवतो.