तुम्ही विचारलंत म्हणून: मुलीला प्रेमाच्या कादंबऱ्या वाचू द्याव्यात का?

सोसायटीतल्या आया मला हा प्रश्न हमखास विचारतात. "मुलगी नववीत आहे, सारखी त्या इंग्रजी लव्हस्टोऱ्या घेऊन बसते. वाचू द्यायच्या का हो?" मला विचारतात, कारण पन्नाशी उलटली तरी मी स्वतः या कादंबऱ्या वाचते आणि ते लपवत नाही. मी 'नको' म्हणावं अशीच बहुतेकींची इच्छा असते.

मी नको म्हणत नाही. पण या प्रकारात भुसाही भरपूर आहे, त्यामुळे सरसकट हो म्हणणंही जमत नाही. माझी निवडायची पद्धत साधी आहे. नायक किती देखणा आहे हे मी बघत नाही (तो असतोच), नायिकेचे आईबाप कुठे आहेत ते बघते.

'ट्वायलाइट' घ्या, 2005 सालचं. बेला सतरा वर्षांची, बाप फोर्क्स गावचा पोलीसप्रमुख. 1901 साली जन्मलेला पण दिसायला सतरा वर्षांचाच व्हॅम्पायर एडवर्ड रात्री तिच्या खोलीत शिरतो आणि ती झोपली असताना तिच्याकडे बघत बसतो. त्याच घरात असलेल्या पोलीसप्रमुखांना याचा पत्ता नाही! नोकरीवरून काढायला हवं या गृहस्थाला. लेखिकेला बापाची अडचण होते, म्हणून तो उठसूट मासे पकडायला जातो. त्याची गंमत वाटते, पण पाळत ठेवण्याला प्रेम म्हणून खपवलंय त्याचा राग येतो.

याउलट रेनबो रॉवेलचं 'एलेनॉर अँड पार्क'. 1986 साल, अमेरिकेतलं ओमाहा शहर, शाळेची बस. जाडजूड, लाल केसांची, ढगळ कपड्यांतली नवी मुलगी एलेनॉर नाइलाजाने पार्क नावाच्या मुलाशेजारी बसते. तो कॉमिक वाचत असतो. ती तिरक्या नजरेने आपल्याबरोबर वाचतेय हे त्याच्या ध्यानात येतं. तो बोलत काहीच नाही, फक्त तिचं वाचून होईपर्यंत पान उलटायचं थांबतो. पुढे कधीतरी तो तिचा हात हातात घेतो आणि लेखिका त्या एका हातावर असं काही लिहिते, की मी चष्मा काढून पुसला होता. हे सगळं बसमध्येच का घडतं, तर एलेनॉरच्या घरी फोन नाही, बाथरूमला दार नाही आणि सावत्र बापाची दहशत आहे. घर असं असल्यामुळे बसमधली ती थोडीशी मिनिटं एवढी मोलाची होतात. पार्कच्या कोरियन आईच्या चित्रणावर कोरियन वंशाच्या वाचकांनी टीका केली आणि ती मला पटते. तरीही मी हे पुस्तक देते.

जॉन ग्रीनच्या 'द फॉल्ट इन अवर स्टार्स'मधली नायक-नायिकेची अ‍ॅमस्टरडॅमची सहल सगळ्या मुलींना पाठ असते. मला मात्र कॅन्सर झालेल्या नायिकेची, हेझलची आई आठवते. पोरगी आयसीयूत असताना ही बाई रडत म्हणते, की आता मी आई उरणार नाही. हेझल ते ऐकते आणि ते तिच्या मनात घर करून राहतं. पुढे कळतं, की आई गुपचूप समाजकार्याचा अभ्यास करतेय, आणि पोरीला केवढा आनंद होतो! प्रेमकथेत हा प्रसंग येतो, म्हणून ती कथा माझ्या लेखी मोठी.

जूडी ब्लूमचं 'फॉरएव्हर' 1975 चं. प्रेमात पडून शरीरसंबंधापर्यंत गेलेल्या मुलामुलीपैकी शेवटी कुणालाही मरावं लागत नाही अशी गोष्ट लिही, असं तिच्या लेकीनेच तिला सांगितलं होतं. यात आजी नातीला संततिनियमनाची पत्रकं पोस्टाने पाठवते. अशी आजी मी आपल्या पुस्तकांत अजून शोधतेय. आणि नाव 'कायमचं' असलं, तरी ते प्रेम टिकत नाही. सगळं उघड लिहिलेलं आहे, त्यामुळे नववीला नको, अकरावी-बारावीला खुशाल द्या.

मराठीतलं विचाराल, तर मिलिंद बोकीलांची 'शाळा' आहेच. नववीतला जोशी, आणीबाणीचे दिवस आणि ज्याच्याशी मोकळेपणाने बोलता येतं असा नरूमामा. फक्त जोशीला आवडणाऱ्या शिरोडकरच्या घरात आपल्याला फारसं डोकावायला मिळत नाही. तिच्या बाजूने कुणीतरी लिहायला हवं होतं, असं प्रत्येक वेळी वाचताना वाटतं.

तेव्हा वाचू द्या. आणि वाचून झाल्यावर "हिरो कसा आहे गं?" असं विचारू नका, लाजून गप्प बसेल. "तिची आई कशी आहे?" असं विचारा. मग ती भडाभडा बोलेल. त्यात मधूनमधून तुमच्यावरही घसरेल, तेवढी तयारी ठेवा.