खानापूरचा पाऊस आणि झाकण मिटलेला लॅपटॉप

माझा धंदा मोटार वाइंडिंगचा. जळालेला पंप आला की जुनी तार उपसायची, नवी भरायची, वार्निश मारायचं. कॉम्प्युटरमधलं मला काही कळतं असा गावात कुणाचा गैरसमज नाही. तरी आमच्या टीव्हीवर आता घरच्याच सर्व्हरवरून (म्हणजे पिक्चर साठवून टीव्हीला पुरवणाऱ्या कॉम्प्युटरवरून) पिक्चर चालतात, आणि दुकानात येणारा प्रत्येक दुसरा माणूस ‘कसं केलासा?’ विचारतो. परत परत सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

झालं ते अण्णांच्या खोक्यामुळं. अण्णा गेल्यावर माळा साफ करताना व्हीसीडींचं खोकं निघालं. निम्म्या मराठी, निम्म्या कन्नड. आमच्या बेळगावकडच्या खानापुरात दादा कोंडके आणि डॉ. राजकुमार एकाच खोक्यात सापडले तर कुणी नवल करत नाही. पण व्हीसीडी प्लेअर कधीच भंगारात गेलेला, आणि नव्या टीव्हीला लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना लावायची भोकंच नाहीत. आई म्हणाली, “टाकू नको. अक्का पण बघतील.” शेजारच्या अक्का म्हणजे तिच्या दुपारच्या सोबतिणी. त्या कन्नडमध्ये बोलतात, आई मराठीत उत्तर देते, चाळीस वर्षं हेच चाललंय.

भाच्यानं बेंगळुरूहून त्याचा 2013 चा लॅपटॉप आणून दिला. बिजागरी तुटलेली, बाकी ठणठणीत. त्यावर डेबियन (विंडोजच्या जागी चालणारं फुकटातलं लिनक्स) आणि जेलीफिन (साठवलेले पिक्चर टीव्हीवर दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकलं. जेलीफिन फुकट आहे, जाहिरात नाही, महिन्याचे पैसे नाहीत. तेवढं सांगून भाचा परत गेला आणि पुढचं सगळं फोनवर.

इथं माझ्या धंद्यातली अक्कल एकदाच कामाला आली. भाचा म्हणत होता, सर्व्हरसाठी नवा छोटा डबा घे. मी म्हटलं, नको. आमच्याकडं जूनपासून गणपतीपर्यंत लाइट दिवसातनं किती वेळा जाते याची मोजदाद कुणी ठेवत नाही. कणकुंबीकडं झाड पडलं की इथं अंधार. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, म्हणजे यूपीएस आयताच. हार्ड डिस्कही मुद्दाम अडीच इंचाची, खिशात मावणारी घेतली. मोठ्या साडेतीन इंची डिस्कला वेगळा अडॅप्टर लागतो, लाइट गेली की ती लिहिता लिहिता बंद पडणार. लहान डिस्कला यूएसबीतनंच करंट मिळतो, म्हणजे तीही लॅपटॉपच्याच बॅटरीवर जगते. बॅटरी कायम शंभर टक्क्यांवर ठेवली की फुगते, म्हणून चार्जिंग ऐंशीला थांबवलंय. ही सोय सगळ्याच लॅपटॉपांत नसते, आधी बघून घ्या.

झाकण मिटलं की लॅपटॉप झोपायचा. लॉगइंड.कॉन्फ नावाच्या फाइलीत ‘हँडललिडस्विच’समोर ‘इग्नोर’ लिहिलं तेव्हा कुठं जागा राहायला लागला. एवढ्या एका ओळीसाठी माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

खरा घाम काढला तो व्हीसीडींनी. मला वाटलं, डिस्क घालायची, आतली एव्हीसेक01.डॅट ही पिक्चरची फाइल कॉपी करायची, संपलं. लिनक्सवर दर वेळी एररच. पुढं कळलं की व्हीसीडीत चित्र साध्या सीडीसारखं लिहिलेलं नसतं. साध्या डेटा सीडीच्या एका सेक्टरात, म्हणजे कप्प्यात, 2048 बाइट माहिती, उरलेल्या जागेचा बराचसा भाग चूक दुरुस्त करायला. व्हीसीडीत ती दुरुस्तीची जागाही चित्रालाच दिलेली, 2324 बाइट. म्हणून तेवढ्याच आकाराच्या डिस्कवर जास्त मावतं, आणि म्हणूनच एक ओरखडा पडला की दादांच्या तोंडावर रंगीत चौकोन नाचतात. व्हीसीडीतला पिक्चर उतरवायला व्हीसीडीएक्सरिप नावाचं वेगळं हत्यार आहे. त्यानं निघाल्या. काही डिस्क पाण्यानं धुऊन, मऊ फडक्यानं मधून कडेकडं पुसल्यावर निघाल्या (गोल गोल पुसू नका). सात गेल्या त्या गेल्याच.

चित्र फक्त 352 बाय 288 ठिपक्यांचं, त्रेचाळीस इंची टीव्हीवर चेहरे शेणानं सारवल्यासारखे दिसतात. खुर्च्या दोन हात मागं सरकवल्या. आईची तक्रार नाही.

मग नावं. एक पिक्चर दोन डिस्कवर, म्हणून फाइलीच्या शेवटी ‘-पार्ट1’, ‘-पार्ट2’ (हे मात्र इंग्रजी अक्षरांत) लावलं की जेलीफिन एकापुढं एक लावतं. नुसतं ‘पिंजरा’ लिहिलं तर त्यानं भलत्याच कशाचं तरी पोस्टर चिकटवलं. ‘पिंजरा (1972)’ केलं, ताळ्यावर आलं. साल लिहाच. कन्नडची सालं मला कुठली ठाऊक? ती अक्कांनी सांगितली, आणि तीही ‘थोरलीचं बारसं झालं त्या वर्षी’ अशी.

सगळं बसल्यावर आठवडाभरात दुकानात आईचा फोन. “अरे, टीव्ही म्हणतोय तुझा डबाच सापडत नाही.” घरी येऊन बघतो तर लाइट जाऊन आल्यावर राउटरनं लॅपटॉपला घरच्या नेटवर्कमधला वेगळाच पत्ता (आयपी ॲड्रेस) दिलेला. राउटरमध्ये जाऊन लॅपटॉपच्या नावानं एकच पत्ता राखून ठेवला, त्यानंतर तो फोन नाही. जमलं तर टीव्हीलाही राउटरपासून लॅनची वायर ओढा. आमच्या जाड मातीच्या भिंतींतनं वायफाय दुसऱ्या खोलीत पोचेपर्यंत दमतं.

परवा धो धो पाऊस. राजकुमारांचा पिक्चर रंगात आलेला, अक्का “नोड्री, नोड्री!” (बघा, बघा!) करत पुढं सरकलेल्या, आणि लाइट गेली. टीव्ही काळा. आतल्या खोलीत लॅपटॉपचा हिरवा दिवा मात्र चालू. अंधारात अक्कांनी उरलेली गोष्ट सांगायला घेतली, गाण्यासकट. पाऊण तासानं लाइट आली. मी टीव्ही लावला, जिथं थांबला होता तिथनंच पिक्चर सुरू झाला, आणि मी मोठ्या ऐटीत आईकडं बघितलं.

“पुढं ढकल की,” आई म्हणाली. “हे अक्कांनी सांगून झालंय.”