आठ जुलैची भट्टी

"साहेब, आठ जुलैला तर भट्टी उघडी होती, आतल्या विटांचं लायनिंग चालू होतं, मग ८२० डिग्री कुठून आलं?"

माझ्या खांद्यावरून स्क्रीन बघत शिफ्टचे काका बोलले आणि मी गप्प. सकाळपासून पीएलसीच्या, म्हणजे भट्टी चालवणाऱ्या कंट्रोलरच्या, मेमरी कार्डातली सीएसव्ही फाइल एक्सेलला ओढत बसलेलो, सेकंदाला तापमानाचं एक रीडिंग म्हणजे दिवसाला ८६,४०० ओळी, बारा दिवसांतच एक्सेलची शीट भरते, त्यामुळे तुकडे करून करून डोकं आउट झालेलं.

बघतो तर काय, लॉगमध्ये ०८/०७ नव्हतंच, ०७/०८ होतं, सात ऑगस्ट. लॅपटॉपची सेटिंग अमेरिकन, म्हणून एक्सेलने न विचारता पहिला आकडा महिना धरला. गंमत म्हणजे १ ते १२ तारखा उलटतात, तेरापासून पुढच्या नुसत्या टेक्स्ट म्हणून सेलच्या डावीकडे चिकटून बसतात, आणि ते मला दिसलं होतं हो, पण वाटलं अलाइनमेंट गंडलीय.

काकांनी खिशातली तेलकट वही काढून दाखवली. '८ जुलै, भट्टी बंद, विटा बदलल्या.' बास, एवढंच.

याच लॅपटॉपवरून मागच्या तीन महिन्यांचे रिपोर्ट कस्टमरला गेलेत. ते आता कोण उघडून बघणार?