आमची वाटचाल: अर्धा तास आधी सुटणारी गाडी

२०११ साली धनकवडीतल्या एका छोट्या गाळ्यात एक टेबल, एक फोन आणि एक सेकंडहँड टवेरा एवढ्या भांडवलावर आम्ही ट्रॅव्हल्सचा धंदा सुरू केला. माझे वडील, अप्पा, स्वारगेट डेपोतून एसटीचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले होते. १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला सुटली. ती तारीख आमच्या घरात कुणाच्या वाढदिवसासारखी लक्षात ठेवली जाते. अप्पांची एक सवय मी पहिल्या दिवसापासून उचलली, ती म्हणजे डिझेलची वही. एसटीत गाडीचा ॲव्हरेज दहा लिटरवर मोजतात, त्याला केपीटीएल, म्हणजे दहा लिटरला किती किलोमीटर, असं म्हणतात. अप्पांना बेचाळीस, पंचेचाळीस असे आकडे तोंडपाठ असायचे. मी लिटरवर मोजतो, पण वही तीच.

२०१४ पर्यंत दोन कार आणि एक बारा सीटर ट्रॅव्हलर झाली. अष्टविनायक, जोतिबा, पंढरपूर, लग्नाची वऱ्हाडं, कंपन्यांच्या मीटिंगा, मिळेल ती वर्दी, म्हणजे भाड्याची फेरी, घ्यायची. जानेवारी २०१३ पासून डिझेल दर महिन्याला थोडं थोडं वाढत होतं आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने त्याचे भाव पूर्ण मोकळे केले. भाडं मात्र वाढवता येत नव्हतं, कारण शेजारचा दोन रुपये कमी सांगून पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, घेऊन जायचा. अशा दिवसांत वहीकडे नजर जास्त जाते. ट्रॅव्हलर नवीन होती आणि तिचा ॲव्हरेज पडत नव्हता. लिटरला साडेदहा-अकरा मिळायला हवेत तिथे नऊच्या आसपास.

इथे माझ्या हातून जी चूक झाली ती लिहिल्याशिवाय ही वाटचाल खरी होणार नाही. मी आमच्या सगळ्यांत जुन्या ड्रायव्हरवर संशय घेतला. सगळे त्यांना मामा म्हणतात. टाकीतलं डिझेल कुठेतरी निघतंय, असं मी त्यांना चार माणसांत बोललो. मामांनी आवाज चढवला नाही. गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "दादा, उद्या कोल्हापूरची वर्दी आहे. तुम्ही माझ्या शेजारी बसा. त्यानंतरही हेच वाटलं तर परवापासून मी येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघालो. कात्रजजवळच्या पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी फुल केली आणि मीटर लिहून घेतला. नवा बोगदा ओलांडून खेड शिवापूरचा टोलनाका गेला तसा काटा नव्वदवर चढला. खंबाटकी घाट संपल्यावर पंच्याण्णव, कधी शंभर. मामा अस्वस्थ होते. डॅशबोर्डवरचा फोन सारखा वाजत होता. "कुठे पोचलात? पार्टी विचारतीये." फोन आमच्याच ऑफिसातून येत होता. साताऱ्याच्या पुढे मामांनी सन व्हायझरमागून आमचं पत्रक काढून माझ्या हातात दिलं. त्यावर मीच छापून घेतलं होतं, पुणे-कोल्हापूर ४ तासांत. सुमारे २३० किलोमीटर, खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी असे चार टोल, एक घाट आणि चहाचा थांबा धरून चार तास! ही वेळ गाठायची तर मोकळ्या रस्त्यावर पंच्याण्णवने पळण्यावाचून मामांना पर्याय नव्हता. परत येऊन त्याच पंपावर, त्याच मशीनवर टाकी फुल केली. ४७० किलोमीटरला ५१ लिटर, म्हणजे मी शेजारी बसूनही लिटरला तेच नऊच्या आसपास. टाकीला कुणी हात लावला नव्हता. मी मामांची माफी मागितली, तीही त्याच चार माणसांसमोर.

पुढच्या आठवड्यात तीच वर्दी पुन्हा होती. या वेळी अप्पा बरोबर आले. पार्टीला विनंती करून आम्ही साडेपाचला निघालो. अप्पांची अट एकच, काटा पंच्याहत्तरच्या पुढे न्यायचा नाही आणि ऑफिसातून एकही फोन यायचा नाही. गाडी तीच, माणसं जवळपास तेवढीच, एसी तसाच चालू. आल्यावर टाकी फुल केली तर साडेएकेचाळीस लिटर लागले. लिटरला अकराच्या वर! एका फेरीत साडेनऊ लिटर, म्हणजे त्या वेळच्या भावाने पाचशेच्या वर रुपये, तेही गाडीला पाना न लावता.

असं का होतं, हे मला नंतर आमच्या नेहमीच्या पार्टीपैकी एका इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांनी समजावलं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. पंच्याहत्तरचे पंच्याण्णव केले की वेग सव्वापटीच्या थोडा वर जातो, पण हवेचा विरोध १.६ पट होतो. त्या विरोधाशी झगडायला इंजिनाला लागणारी ताकद दुप्पट होते. सगळं डिझेल काही हवेशी लढण्यात जात नाही. टायरच्या घर्षणात, इंजिन फिरवण्यात, एसीतही जातं, म्हणून खर्च तेवढ्या पटीने वाढत नाही. पण ट्रॅव्हलरचं तोंड उंच आणि रुंद, त्यामुळे तिला कारपेक्षा जास्त झळ बसते. आता वेळेचा हिशेब बघा. कोल्हापूरच्या रस्त्यात मोकळं पळता येईल असं अंतर १६० किलोमीटर धरलं, तर पंच्याण्णवने १०१ मिनिटं लागतात आणि पंच्याहत्तरने १२८. फरक सत्तावीस मिनिटांचा! तोही पुष्कळदा पुढच्या टोलच्या रांगेत भरून निघतो. नव्वदने मागे टाकून गेलेली गाडी आनेवाडीला आपल्या दोन गाड्या पुढे उभी असते, हे आमच्या सगळ्या ड्रायव्हरांनी पाहिलंय.

मग पन्नासनेच का चालवत नाही, असं लोक विचारतात. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना, म्हणजे पीसीआरए, इंधन वाचवण्यासाठी ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग सुचवते आणि सल्ला म्हणून तो बरोबरच आहे. पण हायवेवर मागून भरधाव बसेस येत असताना पन्नासने चालणं मला सुरक्षित वाटत नाही. म्हणून आमचा नियम ठरला, सपाटीला सत्तर ते ऐंशी, टॉप गिअर, डावी लेन आणि पायाखाली अंडं असल्यासारखा ॲक्सिलरेटर. पुढे ऑक्टोबर २०१५ पासून ट्रॅव्हलरसारख्या नव्या गाड्यांना ताशी ८० चा स्पीड गव्हर्नर सक्तीचा झाला. तेव्हा बऱ्याच मालकांची कुरकुर ऐकली. आमच्या ड्रायव्हरांना त्याचं काहीच वाटलं नाही.

वाचलेल्या पैशाचं काय करायचं, यात मात्र मी पुन्हा चुकलो. जो ड्रायव्हर जास्त ॲव्हरेज काढेल त्याला बक्षीस, अशी योजना २०१६ मध्ये काढली. दोन महिन्यांत तक्रारी आल्या. भर मे महिन्यात एसी बंद, चढाला गाडी घुसमटेपर्यंत टॉप गिअर आणि सगळ्यांत वाईट म्हणजे एका नव्या मुलाने कात्रजच्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर गाडी न्यूट्रलला सोडली. हे कळल्यावर मला रात्रभर झोप लागली नाही. पुण्यात राहणाऱ्याला तो उतार सांगायला नको. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका रात्रीत डझनावारी गाड्या एकमेकांवर आदळल्या. उतारावर वाहन न्यूट्रलला सोडणं हे तिथल्या अपघातांचं कारण म्हणून पुन्हा पुन्हा समोर आलंय. खरं तर आजच्या इंजिनात न्यूट्रलने काही वाचतही नाही. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर डिझेल बंद करतो आणि चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला मात्र इंजिन सुरू ठेवायला डिझेल लागतंच, वर इंजिनाचा ब्रेकही जातो. त्या दिवशी बक्षीस बंद केलं. आता महिन्याची बचत काढून निम्मी सगळ्या ड्रायव्हरांत सारखी वाटतो. त्यामुळे नव्याला शिकवायचं कामही जुनेच करतात.

बाकीच्या गोष्टी छोट्या आहेत. सामान नसेल तेव्हा टपावरचा कॅरिअर काढून ठेवतो. टायरमधली हवा सकाळी, टायर गार असताना तपासतो. हायवेला काचा बंद ठेवतो.

२०२० मध्ये गाड्या कित्येक महिने उभ्या होत्या. त्यावर जास्त लिहवत नाही. एक कार विकली. ट्रॅव्हलर ठेवली. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये पुण्यात डिझेल शंभरीपार गेलं तेव्हा आमच्या ओळखीतल्या दोघांनी धंदा बंद केला. आम्ही टिकलो. त्यात त्या साडेनऊ लिटरचा वाटा मोठा होता, हे मी वही समोर ठेवून सांगतो.

पार्टीला पटवणं सोपं नव्हतं. "पैसे आम्ही देतोय, जरा दाबा की", हे वाक्य प्रत्येक ड्रायव्हरने ऐकलंय. म्हणून आता बोलणं ऑफिसातच होतं. बुकिंग घेताना पोचायची वेळ विचारतो आणि निघायची वेळ आम्ही ठरवतो, पूर्वीपेक्षा अर्धा तास आधीची. पहाटे उठावं लागतं म्हणून काही गिऱ्हाइकं गेली. पण गेल्या वर्षी जोतिबाला नेलेल्या एका आजींनी परत आल्यावर पर्समधली कोरी प्लॅस्टिकची पिशवी मामांना दाखवली. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा गाडी लागली नाही रे बाबा", म्हणाल्या. त्यांच्या घरची पुढची तीन लग्नं आमच्याकडेच आली.

अप्पा आता गाडीत बसत नाहीत, गुडघे साथ देत नाहीत. मामा अजून आहेत, ट्रॅव्हलरही, आता दुसरी. उद्या पुन्हा कोल्हापूर आहे. फळ्यावर मामांनी स्वतःच लिहून ठेवलंय, पाच वाजता गाडी दारात. आमच्या पत्रकावर चार तासांची ओळ होती तिथे आता फक्त फोन नंबर आहे.