भोपळ्याचा दिवा: भोकं पाडून झाली, आता बल्ब कुठला?

भोपळा तयार आहे. मिरजेत तंबोऱ्यासाठी पंढरपूर भागातून जे कडू भोपळे येतात, त्यातलाच हा एक. वाद्याच्या कामाला लहान आणि एका अंगाला चपटा, म्हणून बाजूला पडलेला. व्यास साधारण 16 सेंटीमीटर. तळाशी वाटीएवढं तोंड कापलं, आत कोमट पाणी भरून रात्रभर ठेवलं आणि सकाळी वाकवलेल्या सळईनं गर खरवडून काढला. ओला असतानाच खरवडा. सुकल्यावर त्याची जी धूळ उडते ती घशाला भयंकर कडू लागते, आणि भोकं पाडताना तर मास्क हवाच.

नक्षी ठिपक्यांच्या रांगोळीची ठरवली होती, पण चौकोनी जाळीत मांडलेले ठिपके गोलावर बसत नाहीत, वर देठाकडे गर्दी होते. म्हणून देठापासून खाली वर्तुळं आखत आलो आणि प्रत्येक वर्तुळातले ठिपके वरच्या दोघांच्या मध्ये सरकवले. भोकं 2 मिलिमीटरची, मधली काही 4 ची. ड्रिल हळू फिरवायचं आणि दाबायचं नाही, बिट आपोआप जातं. दाबलं की आतून टवका उडतो. कडा मात्र पॉलिश पेपरची सुरळी करून एकेक साफ कराव्या लागतात, त्याला इलाज नाही.

आता खरा विषय. घरात आधी होता तो 9 वॅटचा दुधी एलईडी आत धरून पाहिला. पाकिटावर 900 ल्युमेन (ल्युमेन म्हणजे बल्बच्या एकूण उजेडाचं माप), म्हणजे वॅटला 100. जुना 60 वॅटचा पिवळा बल्ब वॅटला जेमतेम 12 ल्युमेन द्यायचा आणि भोपळ्यात लावला असता तर तासाभरात करपल्याचा वास आला असता. तेव्हा कार्यक्षमतेत 9 वॅटवाला उत्तमच. पण भिंतीवर नक्षी काही उमटेना! नुसता पसरट उजेड, कडा नाहीत, ठिपके नाहीत.

कारण वॅटमध्ये नाही, बल्बच्या आकारात आहे. प्रत्येक भोक म्हणजे एक पिनहोल कॅमेरा. ते भिंतीवर ठिपका पाडत नाही, आतल्या प्रकाशस्रोताचं उलटं चित्र पाडतं. माझ्या मांडणीत स्रोतापासून भोक 8 सेंटीमीटरवर आणि भोकापासून भिंत 80 वर, म्हणजे चित्र दहापट मोठं. दुधी गोळा 6 सेंटीमीटरचा, तर प्रत्येक भोकाचा डाग 60 सेंटीमीटरचा. शेकडो डाग एकमेकांवर पडल्यावर दिसणार काय? मग 4 वॅटचा फिलामेंट एलईडी लावून पाहिला, तो पारदर्शक काचेतला, आत पिवळ्या काड्या असलेला. गंमत म्हणजे भिंतीवर त्या काड्यांचीच चित्रं आली, प्रत्येक भोकातून वीतभर लांब उभ्या रेषा. पावसासारखं दिसतं. ज्यांना तसं हवं असेल त्यांनी जरूर लावा, मला ठिपके हवेत.

म्हणून शेवटी तयार बल्ब सोडून 3 वॅटचा एकच एलईडी घेतला, चांदणीच्या आकाराच्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर बसवलेला. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो. प्रकाश देणारा चौकोन मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा, त्यामुळे 2 मिलिमीटरच्या भोकाचा ठिपका भिंतीवर चारेक सेंटीमीटरचा येतो. कडा किंचित मऊ, पण नक्षी स्पष्ट. त्यातही आतून भोपळा बिनचकाकीचा काळा रंगवला, कारण आतल्या भिंतीवरून परतणारा उजेड नक्षीवर पाणी ओततो. कुणाला नक्षीपेक्षा उजेड प्यारा असेल तर आतून पांढरा द्या.

हा एलईडी थेट प्लगला लावायचा नाही. त्याला 700 मिलिॲम्पिअरचा स्थिर करंट देणारा ड्रायव्हर लागतो. दुकानात आयसोलेटेडच, म्हणजे आउटपुट घरच्या लाइनपासून वेगळं ठेवणारा, मागून घ्या. स्वस्तातल्या साध्या ड्रायव्हरचं आउटपुट मीटरवर कमी व्होल्ट दाखवतं, पण त्याला हात लागला तर मेनचा शॉक बसू शकतो. माझा ड्रायव्हर लाकडी बैठकीत आहे आणि वर भोपळ्यात फक्त 3 व्होल्टच्या आसपास जातं. एलईडी ॲल्युमिनियमच्या जाड पाइपच्या टोकावर थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) लावून बसवला. तोच पाइप उष्णता ओढून घेणारा हीटसिंक आणि तोच खांब. विजेचा मोठा हिस्सा एलईडीतही उष्णताच होतो, आणि बंद जागेत ती कोंडली की एलईडीच्या आधी बहुधा ड्रायव्हर मरतो. खाली तोंड उघडं आणि देठाशी भोक ठेवल्यानं हवा वर चढत राहते.

उजेडाच्या रंगाबद्दल थोडक्यात: 3000 केल्विन, म्हणजे पिवळसर. 6500 चा निळसर पांढरा लावला की भोपळ्याची तांबूस साल मेल्यासारखी दिसते. सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा 100 पैकी आकडा) 90 चा मिळाला तर दोन पैसे जास्त द्यावेत. बीईईचे, म्हणजे सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे, तारे पाहून बल्ब घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, ते वॅटला किती ल्युमेन एवढंच मोजतात, रंग कसे दिसतात ते नाही.

बचतीचा हिशोब विचाराल तर ड्रायव्हर धरून 4 वॅट, रोज 5 तास, महिन्याला 0.6 युनिट. पण वाचायला याचा काडीचा उपयोग नाही, त्यासाठी तो 9 वॅटवालाच टेबलावर परत गेला आहे. निम्म्याहून जास्त उजेड भोपळा गिळतो, तेव्हा ल्युमेन मोजायचे तर बल्बचे नाही, भोपळ्याबाहेर आलेले मोजा.

बैठकीला शिसवीचा तुकडा रंधून ठेवलाय, लाखेचं पॉलिश बाकी आहे. उजेड कमी-जास्त करायला पंख्याचा रेग्युलेटर या ड्रायव्हरला चालत नाही. डिमिंगची वायर असलेला ड्रायव्हर शोधतोय, कुणी 700 मिलिॲम्पिअरचा वापरला असेल तर मंद केल्यावर शिट्टी वाजते का ते सांगा.